राणीच्या चोळीचा गळा

चांदबिबीच्या आईच्या चोळीचा गळा केवढा होता? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण उद्या कुणी निजामशाहीवर नाटक बसवायला घेतलं, की वेशभूषा करणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच याचं उत्तर लागतं. संवाद तालमीत बदलता येतात, तलवारी भाड्यानं मिळतात. शिंप्यापुढे मात्र माप ठेवावंच लागतं. गोल की चौकोनी, पुढून किती खोल, पाठीला किती. आणि हे उत्तर शोधायला सगळ्यात आधी कुठे जायचं म्हणाल, तर पुण्यात, सदाशिव पेठेत.

भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचं एका फार्सी काव्याचं हस्तलिखित आहे. कवी आफताबी. विषय अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशहा, त्याची राणी खुंजा हुमायून, आणि १५६५ च्या जानेवारीत विजयनगरचं कंबरडं मोडणारी तालिकोटची लढाई. त्यानंतरच्या चारेक वर्षांत हे हस्तलिखित तयार झालं असं मानतात. त्यातली बारा चित्रं शिल्लक आहेत, आणि दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मंडळानं १९८७ मध्ये जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्याकडून ते संपादित करवून इंग्रजी भाषांतरासह छापलंही. हुसेनशहा आणि खुंजा हुमायून हे चांदबिबीचे आईवडील.

आता तारखा बघा. तालिकोट १५६५. तिकडे इटलीत रेनेसाँसचा काळ चालू आहे, आणि फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दी तोलेदो १५६२ च्या डिसेंबरात वारली आहे. म्हणजे खुंजा हुमायून आणि एलिओनोरा या अगदी समकालीन राज्यकर्त्या बायका. एकीच्या झग्याच्या गळ्याबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे आणि दुसरीच्या चोळीबद्दल किती, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की डोळे विस्फारतात.

एलिओनोराचं ब्रॉन्झिनोनं १५४५ च्या सुमारास काढलेलं चित्र उफिझी संग्रहालयात आहे. झग्याचा गळा रुंद आणि चौकोनी. त्याच्या वर खांद्यांवर सोनेरी जाळी, जाळीच्या गाठीगाठीला मोती. कापडाची वीण मोजता येईल इतकं बारीक काम. पण फ्लॉरेन्सकडे चित्राखेरीज आणखीही काही आहे. १८५७ मध्ये मेदिची घराण्याच्या शवपेट्या उघडल्या, तेव्हा एलिओनोराच्या अंगावर कपडे होते. ती चित्रातल्याच झग्यात पुरली गेली, अशी समजूत कित्येक वर्षं चालली. कपडे नीट तपासल्यावर कळलं, की तो झगा वेगळाच होता: साटिनचा, मखमली पट्ट्यांवर भरतकाम केलेला. आत लाल मखमलीची घट्ट चोळीही होती, पुढून हुकांनी बंद होणारी. पित्ती राजवाड्यात या चिंध्यांचं जतन झालं आणि जॅनेट आर्नल्ड या इंग्रज अभ्यासिकेनं त्यांची मापं घेऊन आराखडे काढले. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या तिच्या मालिकेतल्या १९८५ च्या खंडात ते छापले आहेत. आज जगातला कुठलाही शिंपी ते उघडून एलिओनोराचा गळा कापू शकतो.

खुंजा हुमायूनच्या बाबतीत हे घडणं शक्यच नव्हतं. तिच्या धर्मात मृताला न शिवलेल्या पांढऱ्या कफनात गुंडाळून पुरतात, आणि तिच्या राज्यातल्या बहुसंख्य प्रजेच्या धर्मात देह जाळतात. दोन्हीकडे अंगावरचा शिवलेला कपडा मागे राहत नाही. जो पेटीत राहतो त्याला आपला पावसाळा आणि कसर आहेच. त्यातून जरीचा असला, तर पुढच्या कुठल्यातरी पिढीत जरीवाला दारावर येतो, कापड जाळून चांदी काढतो. थडगी उघडून कपडे शोधायची सोय आपल्याकडे नाही. उरतं ते चित्र.

म्हणून त्या बारा चित्रांकडे पुन्हा जाऊ. काहींत लढाई आहे, काहींत दरबार. त्या काळच्या मुसलमानी दरबारी चित्रांत राणी सुलतानाच्या शेजारी तख्तावर बसलेली दिसणं ही फार विरळा गोष्ट. इथे ती होती. एका चित्रात संस्कृत काव्यातला दोहद आहे: बाईच्या स्पर्शानं झाडाला बहर येतो, ही कल्पना फार्सी काव्यात येऊन बसली आहे. त्यातल्या बायकांचा पेहराव पाहावा. अंगाला घट्ट बसणारी आखूड चोळी, पोट उघडं, लांब वेणी आणि तिच्या टोकाला गोंडा. ही माळव्याकडची, उत्तरेची तऱ्हा. कमरेखालून अंगाभोवती फिरवलेला लांब शेला मात्र दक्षिणेचा. लेपाक्षीच्या देवळातल्या भित्तिचित्रांत तो तसाच दिसतो. उत्तर आणि दक्षिण एकाच बाईच्या अंगावर!

इथेच खरा पेच आहे. अहमदनगरच्या बायका खरोखर अशा नेसत होत्या, की चिताऱ्याचा हात माळव्यात घडलेला होता म्हणून त्याच्या कुंचल्यातून तिथल्याच चोळ्या उतरल्या? माळवा १५६१-६२ मध्ये अकबराच्या ताब्यात गेला. तिथले काही कलावंत आश्रय शोधत दक्षिणेला आले असतील, तर ते हात बरोबर घेऊन आले असणार. मला व्यक्तिशः वाटतं, की शेला चिताऱ्यानं समोर पाहून काढला आणि चोळी सवयीनं काढली. शेला त्याच्या परंपरेत नव्हताच, म्हणून तो काढायला नजर लागली. अशा वेळी चित्रातल्या अनोळखी तपशिलावर जास्त विश्वास ठेवावा, सराईत तपशिलावर कमी.

आता गळा. बायका बहुतेक एका बाजूनं रेखाटलेल्या आहेत, म्हणजे गळ्याची अर्धीच रेघ मिळते. चोळी केवढी, तर नखाएवढा रंग. त्याच्या वरच्या कडेला पांढरे ठिपके असले, तर ते गळ्यातले मोती की चोळीच्या काठाला लावलेले मोती? लघुचित्रांत मोती पांढऱ्या रंगाचा जाड थेंब देऊन काढतात. चित्र तिरपं धरून उजेडात पाहिलं, तर थेंब उठून दिसतो. ठिपक्यांची ओळ चोळीची कड सोडून मानेमागे गेली, की तो दागिना. कडेबरोबरच खांद्यावरून वळली, की ती काठाची सजावट. आणि पाठ पाहायची. पाठ उघडी असेल, तर चोळी मागून बंदांनी बांधलेली, राजस्थान-गुजरातकडच्या कांचळीच्या जातीची. पाठ झाकलेली असेल, तर ती पुढून बंद होणार. एवढ्या एका तपशिलानं पुढच्या गळ्याचा आकारच बदलतो.

आणि राणी? तिचीच आकृती काही पानांवरून पुसून टाकलेली आहे. हुसेनशहा १५६५ मध्येच वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार खुंजा हुमायूनच्या हाती आला. पुढे १५६९ च्या सुमारास मुर्तजानं आईला कैदेत टाकलं. तिची सत्ता गेल्यावर तिची चित्रंही गेली असावीत, असं अभ्यासक मानतात. ज्या बाईच्या चोळीचा गळा आपण शोधतोय, ती बाईच कुणीतरी खोडून ठेवली आहे. मग राहतात दासी आणि सख्या. पण दासीचा गळा राणीला लावणं हा या कामातला सगळ्यात जुना घोटाळा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी लांब बाह्यांचा शिवलेला अंगरखा घालून नाचते आहे, आणि राण्यांच्या अंगावर दागिन्यांखेरीज वर फारसं काही नाही. दरबारात शिवलेलं कोण घालतं आणि न शिवलेलं कोण, याचे नियम आपण आजच्या अंदाजानं ठरवू शकत नाही.

म्हणून आणखी साक्षीदार लागतात, आणि ते जगभर पांगलेले आहेत. विजापूरचं ‘नुजूम-उल-उलूम’ हे १५७० चं हस्तलिखित डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यातल्या शक्तिदेवता उंच, सडपातळ आणि चोळी-साडीतल्या. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांसाठी कुणा हिंदी चिताऱ्यानं काढलेली ७६ चित्रं रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहेत. त्यांत आपल्या किनाऱ्यावरची साधी माणसं येतात, राण्या नव्हेत. डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला आणि १५९६ मध्ये त्याचं पुस्तक सचित्र निघालं. पण तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारे कारागीर हॉलंडमध्ये बसलेले. बाई गोव्याची, खांदे-दंड मात्र युरोपातल्या पुतळ्याचे. त्याच्या लेखनातली एक नोंद मात्र चित्रांपेक्षा मोलाची आहे: गोव्यातल्या पोर्तुगीज बायका घरात ‘बाजू’ नावाचा इतका तलम सदरा घालत, की त्यातून अंग दिसे. लिस्बनहून आलेला ताठ, बंदिस्त गळा मांडवीच्या उकाड्यात असा विरघळला. युरोपातला ताठ गळा आपल्या किनाऱ्यावर आला आणि टिकला नाही, ही मला या सगळ्यातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

पण चित्रं कितीही जमवली, तरी एक गोष्ट त्यांत मिळत नाही: गळा बनतो कसा. त्यासाठी जिवंत कापडाकडे यावं लागतं. आपल्याकडे गाठीची चोळी अजून पूर्ण विसरलेली नाही. खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर ती आत्ताआत्तापर्यंत होती. खणाचा एक तुकडा म्हणजे एका चोळीचं कापड. देवीची ओटी भरताना आपण तोच देतो. गुळेदगुड्डच्या मागावरच्या खणाचा काठ बाहीच्या टोकाला येईल, असा शिंपी तुकडा मांडतो. पाठ पूर्ण झाकलेली, बाह्या कोपराच्या वर, काखेत आणि छातीखाली तिरकस कळ्या. बटण नाही, हुक नाही. पुढचे दोन पल्ले टोकाला निमुळते होत जातात आणि छातीखाली त्यांची गाठ मारतात.

अशी चोळी टेबलावर पसरून ठेवली, तर तिचा गळा कसाबसा दिसतो: कापडात मारलेली एक उथळ खाच. तीच अंगात घालून गाठ मारली, की पाठीचं आणि काखेचं कापड पुढे ओढलं जातं, दोन्ही कडा तिरप्या होऊन गाठीकडे धावतात, आणि खाचेतून वर रुंद, खाली टोकदार असा गळा उघडतो. गाठ घट्ट मारली, तर तो अरुंद; सैल मारली, तर मोकळा. म्हणजे गळ्याचा अर्धा आकार शिंपी कापतो आणि उरलेला अर्धा बाई रोज सकाळी स्वतः ठरवते. संग्रहालयाच्या काचेत सपाट ठेवलेल्या चोळीवरून कुणी इंच मोजून नवी शिवली, तर ती चुकणारच. एलिओनोराच्या चौकोनी गळ्याचंही हेच: नाड्यांनी आवळल्यावरच ती कड छातीवर ताठ बसते, सैल सोडली की लोंबते. फ्लॉरेन्स आणि नगर या एका बाबतीत एकाच नियमानं चालतात. ताण हा शिलाईचाच भाग आहे.

दुसरा आधार दागिन्यांचा. सोनंही वितळतंच, पण कापडापेक्षा जास्त टिकतं, आणि नोंदींत तोळे-मासे लिहिलेले असतात. चिंचपेटी मानेला चिकटून बसते, ठुशी तिच्या खाली, तन्मणी छातीवर, मोहनमाळ आणि चंद्रहार त्याहून खाली. वरचे दागिने कातडीवर शोभतात, खालचे कापडावर. कुठल्या काळात कुठला दागिना प्रचारात आला, हे ठरवता आलं, तर गळ्याची कड कुठल्या दोन दागिन्यांच्या मधे असणार, याचा अदमास येतो. पेशवाईतल्या मोत्यांच्या तन्मणीला जागा हवी असेल, तर बंद गळ्याची चोळी तिथे बसत नाही.

पेशवाई आलीच आहे तर तिच्याबद्दल थोडं, कारण पुण्यात ही गफलत रोज दिसते. कागदपत्रं इथे भरपूर. कपड्यांसाठी जामदारखाना होता. माधवराव पेशव्यांच्या पत्रात आसावली दुपट्टे कोणत्या रंगांचे हवेत ते आहे: तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी, गुलाबी. रंग, भाव, नग, गाव, सगळं. शिवणीचा आकार नाही, कारण तो शिंप्याला तोंडी ठाऊक होता आणि कारकुनाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. शनिवारवाड्याच्या भिंतींवर चित्रं होती, पण वाडा १८२८ मध्ये जळाला. मग लोक हाताशी असलेलं उचलतात: राजा रविवर्मा. त्याच्या नऊवारीतल्या बायका सुंदर आहेत, पण त्या १८८० नंतरच्या. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. बाजीरावाच्या काशीबाईला रविवर्म्याचा गळा लावणं म्हणजे दीडशे वर्षांचा फरक. लेसचा बंद गळा आणि फुग्याच्या बाह्या तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या, इंग्रजी पोलक्याच्या. आणि लग्नातल्या ‘पेशवाई लूक’मधली मागे खोल कापून लटकन लावलेली पाठ मराठी चोळीची नव्हे. १८८५ च्या पुणे गॅझेटियरात चोळीचं वर्णन आहे, ते पाठ आणि छाती दोन्ही झाकणारी, पुढे टोकं बांधलेली असंच. गाठीची चोळी पाठ उघडी ठेवून शिवताच येत नाही. पाठीच्या कापडावरच गाठीचा सगळा ताण पेललेला असतो.

अजून एक तपशील, जो मालिकांत हमखास सुटतो. त्या काळच्या पुण्यातल्या ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवा चोळी घालतच नसत. आलवणाचा पदर हेच अंगावरचं वस्त्र. दरबारी घराण्यातल्या बाईचा गळा तिच्या कपाळावरच्या कुंकवाबरोबर जात असे. हे सोळाव्या शतकापर्यंत मागे ताणू नये, पण वेशभूषा करणाऱ्यानं विचारायचा प्रश्न त्यातून कळतो: ही बाई कोण, कुठल्या वयाची, कुठल्या अवस्थेतली.

पाठ तपासायची असेल, तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या दीपलक्ष्मींपुढे उभं राहावं. पितळेच्या या मूर्तींत बाईच्या हातात दिवा असतो, नेसण नऊवारी असते. चित्राभोवती फिरता येत नाही, मूर्तीभोवती येतं. ओतकाम करणाऱ्यानं दंडावर बाहीची कड कुठे कोरली आहे, पाठीवर कापड दाखवलं आहे की नाही, पदर कुठून गेला आहे, हे बघत गेलं, की चिताऱ्यानं न सांगितलेलं बरंच काही ओतारी सांगतो.

सिनेमावाल्यांनी हे काम केलेलं आहे, नाही असं नाही. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांनी ‘आम्रपाली’साठी अजिंठ्याची चित्रं जाऊन पाहिली, पुढे ‘गांधी’साठी त्यांना ऑस्कर मिळालं. पुण्यातल्या प्रभात कंपनीचा १९४४ चा ‘रामशास्त्री’ वेगळ्या अर्थानं महत्त्वाचा. तो काही पेशवाईचा पुरावा नव्हे. पण त्या वर्षी पुण्यात गाठीची चोळी शिवणारे शिंपी आणि रोज घालणाऱ्या बायका होत्या. नवी पिढी चोळी हँगरवर पाहते. त्यांनी ती अंगावर पाहिलेली होती.

खुंजा हुमायूनच्या गळ्यावर माझं मत विचाराल तर असं: पाठ आणि गाठ आधी ठरवा, दागिने मग, आणि चित्रातली रेघ सगळ्यात शेवटी. उलट क्रमानं गेलं, की माळव्याची बाई नगरच्या तख्तावर बसते.

आणि एक विनंती. घरात आजीची, पणजीची गाठीची चोळी एखाद्या ट्रंकेत असेल, तर तिच्या शिवणी उसवून उशीचा अभ्रा करू नका आणि धुवायलाही घालू नका. धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेवा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. ती कुणाची, कुठल्या गावची, साधारण कुठल्या सालची, हे कागदावर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा. घरात गाठ मारता येणारं कुणी असेल, तर चोळी अंगात घालून नव्हे, कापडाच्या उभ्या ठोकळ्यावर चढवून एकदा बांधून घ्या आणि पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. शेजारी फूटपट्टी ठेवायला विसरू नका.